भूमीच्या ड्रॅगनचे देणे

फार पूर्वी, वर्षांना प्राण्यांची नावे देणाऱ्या चीन देशात, म्हातारा राजा वारल्यानंतरच्या पहिल्या वाघाच्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरवड्यात एका किल्लेदाराची मुलगी तापाने फणफणली.

हा किल्लेदार मोठा ताठ माणूस. त्याच्या निशाणावर ड्रॅगन, चिलखतावर ड्रॅगन, जेवायच्या वाडग्यावरही ड्रॅगन. पहाऱ्यावरचा शिपाई जरा वाकलेला दिसला की तो ओरडे, "ताठ उभे राहा, गांडुळांनो!" याहून वाईट शिवी त्याच्याकडे नव्हती. मात्र दिलेला शब्द त्याने कधी मोडला नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

मुलीला झटके येऊ लागले तेव्हा गावातल्या वैद्याला बोलावले. वैद्य कमी बोलणारा होता. त्याने नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि पिशवीतून राखाडी पूड काढली.

"हे काय आहे?" किल्लेदाराने विचारले.

"भूमीचा ड्रॅगन."

किल्लेदाराचे डोळे चमकले. "ड्रॅगन! माझ्या घराला शोभेल असंच औषध. द्या."

"पूड थोडीच आहे. आणखी लागेल. ती मी आजच तयार करतो. पण आमची एक रीत आहे," वैद्य म्हणाला. "जिवंतातून घेतलेल्या औषधाचं मोल मी घेत नाही. ज्याचं घेतलं, त्याला तुम्ही परत द्यायचं. तो मागेल ते, आणि स्वतःच्या हातानं. नोकरानं दिलेलं चालत नाही."

"माझी पोर वाचू दे," किल्लेदार म्हणाला, "ड्रॅगन मागेल ते मी स्वतः नेऊन देईन. हा किल्लेदाराचा शब्द आहे."

वैद्य गेला. घाईत त्याने जमिनीचा एक अख्खा कोपरा खणून काढला. कुठला, ते कोणी विचारले नाही.

मुलीची आई तिच्या कपाळावर ओली फडकी ठेवत बसली होती. वैद्य पूड चाटवत होता. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला आणि शेवटी गेला. मुलीने डोळे उघडून पेज मागितली.

किल्लेदाराला आनंद मावेना. त्याने मिरवणूक काढायचे ठरवले. पुढे नगारेवाला, मागे भाले घेतलेले शिपाई, मध्ये तो स्वतः. त्याच्या हातात चांदीचे तबक, तबकात रेशीम आणि मिठाई. नगारा वाजू लागला तसे गाव गोळा झाले.

"चला वैद्यबुवा. ड्रॅगनची गुहा दाखवा."

वैद्याने मिरवणूक तटाच्या मागे नेली. तिथे एका म्हातारीचा मुळ्यांचा मळा होता. म्हातारी बांधावर बसून मुळे धूत होती.

"आजी," वैद्य म्हणाला, "देणं द्यायला आलेत."

"एवढा बाजा घेऊन?" म्हातारी उठली. तिने एका वाफ्यातले ढेकूळ उलटले. खाली ओल होती आणि ओलीत एक गांडूळ वळवळत होते. "हा बघा. बाकीचे तुमच्या लेकीच्या पोटात गेले."

नगारा थांबला. किल्लेदार खाली पाहत राहिला.

"हे गांडूळ आहे."

"आम्ही गांडूळच म्हणतो, हुजूर," म्हातारी म्हणाली. "वैद्यांची भाषा मोठी. आणि ती मिठाई परत न्या. तुमचा ड्रॅगन शेणखत खातो. किल्ल्याच्या पागेतलं आणा. एक कावड रोज, पाऊस पडेपर्यंत. कोपरा पार रिकामा केलाय त्यांनी."

मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसले. मग दुसरा हसला. मग भाले हलू लागले.

किल्लेदाराचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या मुलीला गांडूळ चारलंत? मला फसवलंत?"

"नाव मी ठेवलेलं नाही," वैद्य म्हणाला. "माझ्या गुरूचे गुरूही हेच म्हणत. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

"मी ड्रॅगनला शब्द दिला होता. किड्याला नाही!" त्याने तबक शिपायाच्या हातात कोंबले. "आणि ऐका सगळ्यांनी. या मळ्याला पागेतली चिमूटभर लीदसुद्धा जाता कामा नये. पाहू दे या म्हातारीचा ड्रॅगन काय खातो ते."

"मी वाट बघते, हुजूर," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा मुळे धुऊ लागली.

दिवस गेले. पाऊस लांबला. किल्ल्यातून थोडेफार येणारे खतही बंद झाले तसा मळा कडक होत गेला. खणलेल्या कोपऱ्यात भेगा पडल्या. उरलीसुरली गांडुळेही तिथून गेली. म्हातारीचे मुळे बोटाएवढे राहिले. किल्लेदार तटावरून जाताना त्या बाजूला पाहत नसे.

एके सकाळी किल्ल्यावर रोजचा नगारा वाजला नाही. किल्लेदार चिडून नगारेवाल्याच्या घरी गेला. "कुठे मेला तो गांडूळ?" असे ओरडतच तो दारात आला आणि तिथेच थांबला. नगारेवाला भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या मांडीवर त्याचा लहान मुलगा तापाने थरथरत होता. डोळे पांढरे झाले होते. किल्लेदाराला ते डोळे ओळखीचे वाटले. शेजारी वैद्य होता. त्याच्या पुढ्यात खल होता आणि खल रिकामा होता.

"औषध का देत नाही?" किल्लेदाराने विचारले.

"नाही म्हणून."

"मग खणा!"

"खणलं. आजीच्या मळ्यात आता कुदळ दगडावर आपटल्यासारखी वाजते. बाकी सगळं रान आधीच वाळलंय. एक तेवढाच ओला तुकडा होता या गावात."

नगारेवाल्याने मान वर केली नाही. तो म्हणाला, "हुजूर, मी त्या दिवशी हसलो नव्हतो. मी तर पुढे नगाऱ्यापाशी होतो."

किल्लेदाराने कमरेचा पट्टा घट्ट केला. "वैद्यबुवा, कुठे मिळतील?"

"खिंडीपलीकडच्या गावात, पाणथळीला. चालत गेलो तर उशीर होईल."

"माझा घोडा घ्या."

"तो घोडा तुमच्याशिवाय कोणाला पाठीवर घेत नाही."

"मग मागे बसा. घट्ट धरा."

वैद्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी कमरेला मिठी मारली. संध्याकाळी दोघे परत आले. किल्लेदाराच्या काखेत ओल्या मातीचे मडके होते. वैद्य क्षणभरही थांबला नाही. धुऊन, चिरून, तव्यावर वाळवून त्याने पूड केली. नगारेवाल्याची बायको ओली फडकी बदलत होती. मुलगा बराच काळ अशक्त राहिला, पण वाचला.

"औषधानं वाचला ना?" किल्लेदाराने वैद्याला विचारले.

"औषध होतं, फडकी होती, आई जागी होती. कशानं किती, ते मी सांगत नाही. पण कोणाचं घेतलं, ते मात्र मी नेहमी सांगतो. खिंडीपलीकडचं देणं नगारेवाला फेडेल. इथलं कोणाचं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लेदार पागेत गेला. चिलखत उतरवून ठेवले. फावड्याने लीद आणि शेण भरले आणि कावड खांद्यावर घेतली. नगारेवाला नगारा गळ्यात अडकवू लागला.

"नगारा राहू दे," किल्लेदार म्हणाला. "पोराजवळ जा."

कावड भरलेली होती. पाठ वाकली. दरवाज्यातले शिपाई ताठ उभे राहिले आणि शिवीची वाट पाहू लागले. शिवी आली नाही.

म्हातारी बांधावर होती. "उशीर केलात, हुजूर."

"केला."

"तिथं नका टाकू. त्या कोपऱ्यात. आणि जरा वाका. ताठ उभं राहून खत पसरत नाही."

किल्लेदार वाकला. दोन्ही हातांनी त्याने खत पसरले, वर पाणी शिंपडले. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. पाऊस आला तेव्हाही तो मळ्यातच होता. म्हातारीने एक ढेकूळ उलटले. खाली ओल होती आणि ओलीत काहीतरी वळवळत होते.

"आला तुमचा ड्रॅगन," ती म्हणाली.

किल्लेदाराने रिकामी कावड खाली ठेवली आणि हात जोडले.

तात्पर्य एवढेच: ज्याला शब्द दिला तो लहान निघाला, म्हणून शब्द लहान होत नाही. किल्लेदाराचे देणे फिटले.