सातविणीचा अर्क

"मेले म्हणतोस… कोण मेले?"

सौमित्रला वाटलं, माईंना ऐकू कमी यायला लागलंय. त्यानं आवाज चढवला.

"जंतू, माई! हिवतापाचे! सगळेच्या सगळे!"

"ओरडू नको. कान शाबूत आहेत माझे." माई परातीतल्या साबणाच्या पाण्यात काचपट्ट्या धूत होत्या. हात थांबले नाहीत. "कोण मेले, ते विचारलं."

एवढा लांबून माणूस आनंदाची बातमी घेऊन आलाय, पेढा तोंडात घालावा तर म्हातारी शब्दांची सालं सोलत बसलीय!

पण म्हापणकर माईंचं हे पहिल्यापासून असंच. सगळी उमर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेली. माणसांच्या रक्तातला हिवताप शोधायचा, शोधता शोधता पोरांना शिकवायचं. पांढऱ्या केसांनी गावी परतल्या आणि देवराईच्या कडेला दोन खोल्यांत तापाचा दवाखाना मांडून बसल्या. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून गावातली माणसं त्याला थट्टेनं 'माईंचा मठ' म्हणतात. थट्टेनं म्हणतात, पण पायरीवर चपला काढून मगच आत येतात.

सौमित्र कोचरेकर बूट घालूनच आत आला होता.

पूर्वी, त्यांच्या हाताखाली शिकत असताना, त्यानं एकदा माईंना विचारलं होतं, "सूक्ष्मदर्शकापाशी जाताना तुम्ही चपला का काढता? धूळ नको म्हणून?"

"नाही," एवढंच माई म्हणाल्या होत्या.

माई रक्ताची काच लावायच्या, हात जोडायच्या आणि मग डोळा टेकवायच्या. पोरं मागे खुसुखुसु हसायची. त्यात सौमित्र सगळ्यांत पुढे. पुढे तो मोठ्या ठिकाणी गेला. प्रयोगशाळेत पायांत बूट हवेतच, हा तिथला नियम, आणि नियम काही खोटा नव्हे. आज माईंनी त्याच्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा परातीत हात घातला.

"सातवीण, माई," सौमित्र स्टूल ओढून बसला. "तुमच्या अंगणात आहे ना, तीच. दिवाळीच्या पहाटे आपण सगळे तिच्या सालीचा कडू रस पितो. लहानपणी नाक दाबून प्यायचो. मी म्हटलं, एवढ्या पिढ्या पितायत, आत काहीतरी असणारच! साल आणली, वाळवली, अर्क काढला. एकेक द्रव्य वेगळं करत करत हे हाती आलं."

त्यानं खिशातून बाटली काढली. बोटभर उंचीची. आत मधासारखं काहीतरी.

"बशीत रक्त घेतलं, त्यात जंतू वाढवले, त्यावर हे सोडलं. दुसऱ्या दिवशी जंतू किती उरले ते यंत्रानं मोजलं. शून्य! पुन्हा केलं, पुन्हा शून्य. माई, आकडा बघून मी रडलो."

"यंत्रानं मोजलं."

"हो."

"तू पाहिलंस?"

"यंत्र माणसापेक्षा चांगलं मोजतं, माई."

"मोजतं खरं," माई म्हणाल्या.

दारातून सातविणीच्या फुलांचा उग्र वास आत येत होता. हे दिवसच तिच्या फुलण्याचे. त्या वासानं कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं तरंगतं. सौमित्रचं तरंगत होतं. त्यात त्याची चूकही नव्हती म्हणा. त्याचा धाकटा भाऊ बाबली हिवताप डोक्यात जाऊन दोन दिवसांत गेला होता. त्या दिवसापासून या पोरानं दुसरं काही मनात आणलंच नाही. गर्व होता, नाही असं नाही, पण त्या गर्वाच्या तळाशी एक लहान पोर निजलेलं होतं. माईंना ते ठाऊक होतं.

"मग इथं का आलास?"

सौमित्रनं ओटीकडे पाहिलं.

ओटीवर सुगंधा गावडे कांबळं पांघरून बसली होती. सातवा महिना. हिव भरून दात वाजत होते. सकाळीच माईंनी तिच्या बोटातलं रक्त तपासलं होतं. हिवताप होता. पुडीत गोळ्या बांधून तयार होत्या, आणि पेज खाल्ल्यावर घे, असं माईंनी तिला सांगितलं होतं. पेज चुलीवर होती.

"एक दिवस," सौमित्र हळूच म्हणाला. "गोळ्या एक दिवस थांबवू. आधी याचे चार थेंब देऊ. माई, या गोळ्याही एक दिवस चालेनाशा होतील, मग काय करणार? आणि हे काही विष नाही. झाडातलंच आहे. ती दर दिवाळीला पितेच आहे."

"उतावळा नवरा…" माई पुटपुटल्या आणि म्हण अर्धीच सोडली.

सुगंधानं बोलणं ऐकलं असावं. कांबळ्यातून तोंड बाहेर काढून ती म्हणाली, "द्या हो डाक्टर. सातविणीचो रस आमका नवो नाय. फक्त बाळाक काय होवचा नाय मा?"

सौमित्र हसला. "काही नाही होणार."

अगदी सहज म्हणाला तो. आणि सुगंधानं कांबळ्यातून हात बाहेर काढून पुढे केला, तळवा वर करून, तीर्थाला करतात तसा.

माई उठल्या.

ओटीवर जाऊन त्यांनी सुगंधाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. सौमित्रला दिसेल अशी. आतली बाजू लाल असायला हवी होती. ती जवळजवळ पांढरी होती.

"रक्त कमी आहे हिच्यात," माई म्हणाल्या. "आहे त्यात दोघं जगतात. सुगंधा, अजून दोन थेंब देशील?"

"घेवा की. तुमका नाय म्हणान कोणाक म्हणू?"

माईंनी बोटाला सुई टोचली. दोन लहान काचेच्या नळ्यांत बेताच्या मिठाचं पाणी होतं. एकेका नळीत एकेक थेंब पडला. पाणी गढूळ झालं, पावसात ओढ्या-व्हाळांचं होतं तसं, फक्त लालसर.

आत येऊन त्यांनी नळ्या खिडकीत उभ्या केल्या.

"एकीत घाल. तुझं."

सौमित्रनं बाटली उघडली. एक थेंब. नळी हलवली आणि ठेवली.

मग दोघं बसली. माई काचपट्ट्या पुसू लागल्या. चुलीवर पेज रटरटत होती.

"माई, यानं काय कळणार? जंतू असे डोळ्यांना…"

माईंनी ओठांवर बोट ठेवलं.

…

नळीत काहीतरी घडत होतं. एक नळी होती तशीच गढूळ राहिली. दुसरीतला गढूळपणा मात्र विरत चालला. वरून खाली, हळूहळू, कुणी आतून पुसून घ्यावं तसा. आणि बघता बघता पाणी नितळ झालं. लाल, पण नितळ! कोकमाचं सरबत गाळून घ्यावं तसं.

"अहाहा…" सौमित्रच्या तोंडून निघून गेलं.

माईंनी ती नळी उचलली आणि त्याच्या डोळ्यांसमोर दाराच्या उजेडात धरली.

"काय दिसतं?"

नळीतून आरपार दिसत होतं. पलीकडची ओटी. ओटीवरचं कांबळं. कांबळ्यात, पोटावर हात ठेवून बसलेली सुगंधा.

सौमित्रनं घाईनं दुसरी, गढूळ नळी उचलून शेजारी धरली.

गढूळपणा म्हणजे रक्तातल्या पेशी. त्या शाबूत असतात, तोवर रक्तातून पलीकडचं दिसत नाही. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं ते. रक्त नितळ झालं, म्हणजे पेशी फुटल्या. सगळ्या. जंतू पेशीच्या आत राहतो. पेशी फुटली की तोही मरतो. यंत्रानं जंतू मोजायचे होते. त्यानं जंतूच मोजले.

"पेशींवर काय होतं ते… शेवटी बघणार होतो मी," सौमित्र म्हणाला.

माईंनी दोन्ही नळ्या पुन्हा खिडकीत ठेवल्या.

"बशीतलं आणि पोटातलं एकच नसतं, माई. कदाचित तिला काही झालंही नसतं…"

"कदाचित," माई म्हणाल्या.

ओटीवरून हाक आली. "माई, पेज झाली असात तर गोळ्यो घेव काय?"

माईंनी पुडी सौमित्रच्या हातात ठेवली. "तू दे."

तो पेजेची वाटी घेऊन बाहेर गेला. सुगंधानं चार घास कसेबसे खाल्ले. मग हात पुढे केला, मघासारखाच, तळवा वर करून. त्यानं त्यावर गोळ्या ठेवल्या. कसल्या, कशाच्या, एका शब्दानं तिनं विचारलं नाही. तोंडात टाकल्या, पाणी प्यायली आणि हसली.

"ह्या तुमचाच औषध मा, डाक्टर? आता बरा वाटतला."

सौमित्र त्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिला. त्या हातावर त्यानं काहीही ठेवलं असतं! काहीही. आणि ती अशीच हसली असती.

"माझं नव्हे," तो म्हणाला. "माईंचं."

आत आला तो भिंतीला टेकून खालीच बसला. माणूस असा बसलेला बघवत नाही. बाटली स्टुलावर होती. तिच्याकडे बघायचं त्याला धाडस होईना.

"फेकून देतो," शेवटी तो म्हणाला. "सगळं सोडतो. झाडात काही नाही. लोक उगाच पितात."

"झाड तुला काही म्हणालं होतं?"

"…नाही."

"मग त्याच्यावर कशाला रागावतोस?"

सौमित्रनं तोंड ओंजळीत लपवलं. "माई, बाबलीसाठी केलं हो मी. तुमच्या गळ्याची शपथ. मला फक्त त्या जंतूंना मारायचं होतं. एकूण एक. आकडा शून्य दिसला आणि दुसरं काही दिसलंच नाही."

माईंचा हात त्याच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. मग त्या उठल्या. सकाळची, सुगंधाच्या रक्ताची काच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि बाजूला झाल्या.

सौमित्र उठला. दोन पावलं गेला आणि थांबला. खाली वाकून त्यानं नाड्या सोडल्या. बूट उचलून बाहेर पायरीवर, सुगंधाच्या चपलांशेजारी नेऊन ठेवले. अनवाणी आत आला. शेणानं सारवलेली जमीन पायाला गार लागली.

हात जोडू की नको, असं त्याला झालं. मग जोडले.

डोळा टेकवला.

सुरुवातीला नुसतं गुलाबी. मग भिंग जुळलं, आणि पेशीच पेशी. गोल, मधे जराशा फिक्या, एकमेकींना खेटून असंख्य. यंत्राच्या पडद्यावर त्यानं हजार वेळा आकडे पाहिले होते. पेशींकडे असं किती दिवसांत पाहिलं नव्हतं कुणास ठाऊक! थेंबाचा कणभर भाग होता हा, आणि संपत नव्हता. काच सरकवावी तर पुढे आणखी. यातली प्रत्येक पेशी श्वासातला वारा उचलून नेणारी, नाळेपाशी जाऊन बाळाच्या वाट्याचा तिथं ठेवून येणारी. दोघांना पुरवताना दमलेली, फिकी पडलेली.

आणि एकीच्या आत तो. जांभळ्या खड्याची इवलीशी अंगठी. डासाच्या तोंडातून आलेला, तिच्या यकृतात दडून राहिलेला, तिथून निघून या एवढ्याशा घरात शिरलेला. त्यालाही जगायचंच होतं. बाबलीला नेणारा हाच, की याचा कुणी सगा. सौमित्रनं आयुष्यभर त्याचा द्वेष केला होता. आज पहिल्यांदा तो कुठं बसलाय ते त्याला दिसलं. घराची एक वीटही न हलवता त्याला बाहेर काढायचं होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे आपण बूट घालून उभे होतो, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. भिंगातलं सगळं गुलाबी पुसट झालं.

"काय दिसतं?" मागून माईंनी विचारलं.

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि डोळा पुन्हा टेकवला.

"सांग की. जंतू दिसला?"

"दिसला."

"कुठं?"

"सुगंधाच्या आत."

बाहेर कांबळं सळसळलं. हिव ओसरत असावं, सुगंधाचे दात वाजायचे थांबले होते. फुलांचा वास तसाच येत होता. माईंनी स्टुलावरची बाटली उचलली, तिचं बूच घट्ट केलं, आणि सौमित्रच्या खिशात परत घातली.

तो दचकला. "माई…?"

"आता आण तुझं झाड. कोण मेले, कोण वाचले, ते दोघं मिळून बघू."