गिटारला लावलेली जवारी

कृष्णेच्या काठी एका गावात तंबोरे आणि सतारी घडवणारा एक कारागीर राहत होता. त्याचं नाव दस्तगीर. गावातले लहानथोर त्याला दस्तगीरचाचा म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. भोपळ्यावर नुसती टिचकी मारून त्याचा तंबोरा कसा बोलेल, ते चाचा आधीच सांगत. पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते जवारीसाठी.

जवारी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा रुंद असतो. तो कानशीने असा घासायचा, की छेडलेली तार माथ्याला किंचित चाटून जावी. मग स्वर वाजून लगेच विझत नाही. त्याच्याभोवती एक गुंजन उठतं आणि रेंगाळत राहतं. हे काम कानांनी करायचं असतं. हात जरा जास्त चालला, की सगळी मेहनत वाया. दस्तगीरचाचांची जवारी ऐकून भलेभले गवई माना डोलवत आणि चाचांना ते फार आवडे. आवडणारच, त्यात गैर काय?

एके दिवशी त्यांच्या दुकानात सुवार्ता आली. ही मुलगी चर्चच्या आवारात आईबरोबर राहायची आणि स्पॅनिश गिटार वाजवायची. नायलॉनच्या तारांची, बोटांनी छेडायची गिटार. वडील गेल्यापासून तिच्या शिकवण्यांवर घर कसंबसं चाललं होतं. आता पुण्याच्या एका शाळेत संगीतशिक्षिकेची जागा निघाली होती. तिथे जाऊन वाजवून दाखवायचं होतं आणि नेमकी तिच्या गिटारची मान वाकली होती. वरचे स्वर बेसूर येत होते.

"चाचा, अशीच एक नवी करून द्याल?" तिने विचारलं.

चाचांनी जन्मात गिटार केली नव्हती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. आरशाचा तुकडा आत सरकवून तिच्या पोटातल्या पट्ट्या पाहिल्या.

"लाकूडच आहे की," ते म्हणाले. "करू."

आणि खरंच केली. पुढच्या फळीसाठी त्यांनी जुना, मुरलेला देवदार काढला. पाठीला आणि बाजूंना शिसव घेतलं. शिसवाच्या पातळ फळ्या ओल्या करून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवल्या. देवदाराची फळी रंधा मारून पातळ करत गेले. दर थोड्या वेळाने टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा रंधा. फळी घुमायला लागली तसा हात थांबवला. तिच्या आतल्या अंगाला पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. काम इतकं देखणं झालं, की जुनी गिटार शेजारी ठेवायची लाज वाटावी.

मग घोडीची पाळी आली. जुन्या गिटारच्या घोडीवर हाडाची एक अरुंद पट्टी होती. तार तिच्या धारेवर एकाच जागी टेकायची. चाचांना त्या परदेशी कारागिराची कीवच आली. एवढं सुंदर वाद्य केलं आणि बिचाऱ्याला जवारी काही लावता आली नाही! चाचांनी हाडाची चांगली रुंद पट्टी बसवली आणि तिच्यावर जीव ओतून जवारी लावली. सुवार्ताला एकदा विचारावं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

तारा चढवून त्यांनी पहिला स्वर छेडला, तेव्हा शेजारचे दुकानदार कामं टाकून आले. "वा चाचा, गिटारच्या पोटात तंबोरा घातलात की!" सगळे म्हणाले. चाचा खुशीत आले.

निरोप मिळताच सुवार्ता धावत आली. तिने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवू लागली. थोड्याच वेळात तिची बोटं थांबली.

"चाचा, गिटार सुरेख झालीये," ती चाचरत म्हणाली. "पण ही गुणगुण बंद करता येईल का?"

चाचांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"ही गुणगुण लागावी म्हणून लोक कुठनं कुठनं येतात माझ्याकडं. आणि तू म्हणतीस बंद करा?"

"तंबोऱ्याला ती शोभते, चाचा. पण गिटारला..."

"मला शिकवू नकोस. हवी तर ने, नाहीतर राहू दे."

सुवार्ताने गिटार हळूच खाली ठेवली आणि ती गेली. पुण्याला जायचा दिवस अगदी तोंडावर आला होता. आता वाकलेल्या मानेची जुनी गिटारच तिच्या नशिबी होती.

चाचांनी नवी गिटार दुकानाच्या दर्शनी भिंतीवर टांगली. येणारा प्रत्येक जण तार छेडायचा, वाहवा करायचा. गावातले एक बडे शौकीन तर ती आपल्या बैठकीत ठेवायला मागत होते. चाचा घरी येऊन हे सगळं तिखटमीठ लावून सांगायचे. त्यांची बायको खैरुनबी भाकऱ्या थापता थापता ऐकायची.

"सगळ्यांना आवडली," एकदा चाचा म्हणाले. "नाही आवडली ती एकट्या तिलाच."

"ते खरं," खैरुनबी म्हणाली. "पण ती पोरगी वाजवत काय होती ओ?"

चाचांना काही आठवेना. सुवार्ता वाजवत होती तेव्हा त्यांचे कान आपल्या जवारीलाच लागले होते. तिने काय वाजवलं, ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. वाद्यं घडवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला याची फार शरम वाटली. त्यांचं जेवणात लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून आणि नवी गिटार घेऊन चाचा चर्चच्या आवारात गेले. सुवार्ता ओसरीवर बसून जुन्या गिटारवर सराव करत होती. चाचांना पाहून ती गडबडीने उठायला लागली.

"उठू नको," चाचा म्हणाले. "जे वाजवत होतीस ते वाजव. मी ऐकायला आलोय."

ती वाजवू लागली. चाचांनी डोळे मिटले. खाली जाड तारांवर एक सूर सावकाश चालत होता. वर दुसरा त्याच्याशी बोलत होता आणि मधूनच तिसरा त्यात आपलं म्हणणं मांडत होता. वाजवत होती ती एकटीच, पण ओसरीवर तीन माणसं बसल्यासारखी वाटत होती. वरचे स्वर बेसूर होते, तरी कोण काय म्हणतंय ते कळत होतं.

"आता हेच नवीवर वाजव."

सुवार्ताने वाजवलं. पहिला स्वर फार गोड उठला. त्याचं गुंजन विरायच्या आत दुसरा आला, त्याच्यात तिसरा शिरला. सगळ्यांचं गुणगुणणं एकमेकांत मिसळलं आणि कुणाचंच बोलणं ऐकू येईना. भरल्या बाजारात गप्पा मारायला बसावं तसं झालं.

चाचांनी एक सुस्कारा सोडला. मग पिशवीतून कानस काढली.

तारा ढिल्या करून त्यांनी हाडाची पट्टी उपसली. कानस टेकवली, पण हात पुढे जाईना. इतकी चांगली जवारी त्यांच्या हातून पुन्हा लागेल की नाही, कोण जाणे. आयुष्यभर जे कमावलं त्यावरच कानस चालवायची म्हणजे सोपं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी चाचांनी मान खाली घातली आणि घासायला सुरुवात केली.

पट्टीचा रुंद माथा गेला. एक बारीक धार तेवढी राहिली. तारा चढवून पाहिलं तर वरचा एक स्वर केसभर चढा येत होता. तार उतरवली, धार जराशी मागे घेतली, तार पुन्हा चढवली. सुवार्ता वाजवायची, चाचा ऐकायचे, आणि आता मात्र दर वेळी तिलाच विचारायचे, "बरोबर आहे?" ती म्हणायची, "अजून थोडं." चाचा न चिडता पुन्हा तारा उतरवायचे. सुवार्ताच्या आईने केलेला चहा दोनदा निवला. ऊन ओसरीवरून अंगणात गेलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "बरोबर."

"माझ्या कानाला अजून ओकंओकंच वाटतंय," चाचा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण वाजवायचंय तुला."

सुवार्ता पुण्याला गेली. परत आली ती थेट चाचांच्या दुकानात. तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. नोकरी मिळाली होती. शेजारपाजारचे दुकानदार जमले. कुणीतरी उत्साहाने विचारलं, "आमच्या चाचांच्या गिटारबद्दल काय म्हणाले तिथं?"

सुवार्ता जरा घुटमळली. चाचांना वाईट वाटेल, असं तिला वाटलं. पण खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"गिटारबद्दल कुणी काहीच बोललं नाही, चाचा. सगळे मी काय वाजवलं त्याबद्दलच बोलत होते."

दुकानदार एकमेकांकडे पाहू लागले. चाचांचा चेहरा मात्र उजळला.

"मग गिटार चांगली झाली म्हणायची," ते म्हणाले.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी काम करताना आपलं कसब दाखवण्याआधी त्याला काय हवं आहे ते नीट ऐकून घ्यावं; आपल्या कलेकडे लक्ष न जाता लोकांना त्याचं म्हणणं ऐकू आलं, तर ते काम उत्तम झालं असं समजावं.