आधी नळी, मग खडा

एका तालुक्याच्या गावात एक नामांकित डॉक्टर होते. दिवाकर सरनाईक त्यांचं नाव आणि मुतखडे काढणं हे त्यांचं काम. हात इतका हलका, की भूल उतरल्यावर रोगी विचारी, "झालं का हो?" पण पंचक्रोशीत त्यांचा बोलबाला होता तो वेगासाठी. "सरनाईक म्हणजे वीस मिनिटं," असं लोक म्हणत. लोकांनी म्हणावं, त्यानं काही बिघडत नाही. बिघडलं ते डॉक्टर स्वतःही तसंच म्हणू लागले तेव्हा.

त्यांचं काम चाले ते असं. लघवीच्या वाटेनं पेन्सिलीहून बारीक नळी वर सरकवायची. त्या नळीतून दुर्बीण किडनीपर्यंत न्यायची आणि लेसरनं खडा फोडायचा. आत सलाईनचं पाणी सोडायचं आणि खड्याचा चुरा त्या पाण्यासकट त्याच नळीतून सक्शनच्या यंत्रानं बाहेर ओढून घ्यायचा. बाहेर आलेलं पाणी काचेच्या बाटलीत पडे. बाहेर यायला वाट ती एवढीच.

ऑपरेशनच्या खोलीत त्यांच्या जोडीला बोडखे सिस्टर असत. खोलीतले बाकी सगळे दुर्बिणीतून पडद्यावर दिसणारा खडा बघत, सिस्टर बाटली बघत. त्यांचं एक म्हणणं होतं. खड्याचे तुकडे करू नयेत, पीठ करावं. आणि मधूनमधून लेसर थांबवून, दुर्बीण मागे घेऊन नळी धुऊन घ्यावी. डॉक्टरांना हे रडगाणं वाटे.

"सिस्टर, नळी नीट वाहतेय. उगाच कशाला थांबायचं?"

"बरं सर," सिस्टर म्हणत आणि पुन्हा बाटलीकडे बघत.

एके दिवशी शेषराव तायडे नावाचे एसटीचे ड्रायव्हर आले. वाटेत गाडी थांबवायला नको म्हणून या माणसानं वीस वर्षं पाणीच बेतानं प्यायलं होतं. एक किडनी आधीच काढून टाकलेली. उरलेल्या एकीत बोराएवढा खडा.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांची बायको गोदावरीबाई दाराशी हात जोडून उभी राहिली. "साहेब, एकच हाये हो त्यायची किडनी. सांभाळून घ्या."

"तुम्ही चहा सांगा," डॉक्टर म्हणाले. "चहा संपायच्या आत बाहेर येतो."

खडा निघाला वज्रासारखा. पीठ करायचं तर वेळ लागणार. डॉक्टरांनी त्याचे मोठाले तुकडे पाडायला सुरुवात केली. सिस्टर एकदा म्हणाल्या, "नळी धुऊन घेऊ या सर." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या. "संपत आलंय," डॉक्टर म्हणाले. संपत काहीही आलं नव्हतं.

मग पडदा गढूळ झाला. पावसाळ्यात नदीचा तळ दिसत नाही, तसा खडाच दिसेना. दिसत नसलं की या धंद्यातला प्रत्येक जण एकच करतो.

"पाणी वाढवा," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी बाटलीकडे पाहिलं. मघाशी धार होती, तिचे थेंब झाले होते. आता थेंबही पडत नव्हता. म्हणजे पाणी आत चाललं होतं आणि बाहेर येत नव्हतं. किडनी काही पखाल नव्हे, की भरा हवं तेवढं. आत दाब चढला की तिथले जंतू सरळ रक्तात घुसतात. मग किडनी जाते आणि तिच्यामागून माणूसही जातो.

"सिस्टर, पाणी वाढवा म्हणतोय मी!"

सिस्टरांनी हात पुढे केला आणि पाणी पार बंद केलं.

"बंद केलंय सर. बाटलीत थेंब पडत नाहीये. आधी नळी."

अकरा वर्षांत त्या खोलीत डॉक्टरांचा शब्द कुणी मोडला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. ते ओरडले असते, तर कुणी चकार शब्द काढला नसता. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना शेषरावांच्या किडनीपेक्षा स्वतःचा मानच मोठा वाटला. मोठ्या माणसांचंही असं होतं. पण मग त्यांनी मान वळवून बाटलीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दुर्बीण मागे घेतली.

नळीत तुरीच्या डाळीएवढी एक कपची आडवी बसली होती. तिच्या मागे सगळा चुरा ठासून भरलेला. सिस्टरांनी पिचकारीनं नळी धुतली. कपची सुटली, बाटलीत आधी गढूळ धार आली, मग स्वच्छ. त्यापुढे डॉक्टरांनी खड्याचं पीठ केलं आणि दर चार-पाच मिनिटांनी नळी धुतली. सव्वा तास लागला.

बाहेर गोदावरीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. "इतका उशीर? काई झालं का हो?"

खडा फार कडक होता, एवढं सांगून भागलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"माझ्यामुळे उशीर झाला," डॉक्टर म्हणाले. "मी घाई केली, नळी तुंबली. या सिस्टरांनी वेळेवर पाणी बंद केलं. किडनी शाबूत आहे. पण दोन दिवस ताप येतो का, त्यावर नजर ठेवावी लागेल."

गोदावरीबाईंनी सिस्टरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी शेषराव आपल्या पायांनी घरी गेले.

पुढच्या आठवड्यात दुसरं ऑपरेशन होतं. खडा मऊ होता, पडदा लख्ख होता, बाटलीत धार झरझर पडत होती. मध्येच डॉक्टरांनी लेसर थांबवला आणि दुर्बीण मागे घेतली. "नळी धुऊन घेऊ या," ते म्हणाले.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दचकून विचारलं, "का, तुंबली की काय?"

"नाही तुंबली," सरनाईक म्हणाले, "म्हणूनच."

तात्पर्य: तुंबलेली वाट मोकळी करतो तो कसबी खरा, पण वाट तुंबण्याआधीच थांबून जो ती साफ करतो, जीव सोपवावा तो त्याच्याच हाती.