म्होरक्याचा गुडघा

फार पूर्वी, नदीच्या अलीकडे गाव आणि पलीकडे बाजार होता, तेव्हाची गोष्ट. त्या गावातल्या एका आईला रात्रभर झोप लागली नाही. कारण तसं क्षुल्लकच होतं, निदान तिच्या जाऊबाईंच्या मते. घरातलं मीठ संपलं होतं, लेकीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून सकाळी लेकीला कडेवर घेऊन पहिल्यांदाच नदी ओलांडायची होती.

जाऊबाई म्हणाल्या होत्या, गावातल्या सगळ्यांची लेकरं अशीच मोठी झाली, तुझंच काय जगावेगळं? आईला ते पटलंही होतं. आपण जरा जास्तच घाबरतो, हे तिला ठाऊक होतं. पण म्हणून झोप थोडीच येते!

नदी ओलांडायची त्या गावाची एक रीत होती. सगळ्यांनी रांग धरायची. पुढे म्होरक्या काठीनं तळ चाचपत चालायचा आणि पाणी कुठवर आलं ते ओरडून सांगायचा. घोटा, गुडघा, मांडी. त्याचा शब्द प्रत्येकानं आपल्या मागच्याला सांगायचा. ‘कंबर’ असा शब्द आला, की सगळ्यांनी मागे फिरायचं. म्होरक्यानं मात्र वळून बघायचं नाही, नाहीतर तळ चुकतो.

हा म्होरक्या भला माणूस होता. तळ त्याला पाठ होता, आणि उंचीला तो ताडासारखा होता. गावाला त्याच्या उंचीचा अभिमान होता. पलीकडच्या काठावर लोक मांडीपर्यंत भिजलेली धोतरं आणि लुगडी पिळायचे. गुडघाभर पाण्यात मांडी भिजली कशी, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

त्या दिवशी नदी जरा चढलेली होती. आईच्या पुढे एक थट्टेखोर माणूस होता, मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली एक ठेंगणी म्हातारी. मध्यावर येईपर्यंत पाणी आईच्या कमरेला लागलं. कडेवरची लेक काहीतरी पुटपुटत होती. आई म्हणाली, “गप. पाण्यात बोलू नये.” आणि तिनं लेकीचं मनगट आणखी घट्ट धरलं.

इतक्यात पुढून शब्द आला, “गुडघा.”

थट्टेखोरानं तो आईला दिला. आता तिनं तो म्हातारीला द्यायचा. आईनं खाली पाहिलं. लेकीची पावलं पाण्यात बुडाली होती. तिच्या मनात आलं, एवढे जाणते लोक गुडघा म्हणतायत, म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असणार. कंबर म्हणावं, तर सगळा गाव बाजार बुडवून मागे फिरणार आणि वर्षभर नावं ठेवणार. गुडघा म्हणावं, तर लेक कडेवर आहे.

ती म्हणाली, “कंबर.”

रांग थबकली. थट्टेखोर हसला. “वहिनी, म्होरक्या गुडघा म्हणतोय. तुमची कंबर खाली घसरली काय?”

“त्यांचा गुडघाच असेल,” आई म्हणाली. “इथं कंबर आहे.”

तेवढ्यात मागून म्हातारी बोलली, “बाई, माझ्या तर छातीला लागलंय.”

“मग आजी, बोलला का नाहीत?” आईनं विचारलं.

“पुढून गुडघा आला ना,” म्हातारी म्हणाली.

मग थट्टेखोरानंही खाली वाकून पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. शेवटी शब्द उलटा, मागून पुढे गेला. कंबर, कंबर, छाती. म्होरक्यानं रीत मोडून पहिल्यांदाच मागे पाहिलं. रांगेच्या शेवटी त्याला माणसं दिसलीच नाहीत, नुसती डोकी दिसली. त्याच क्षणी म्हातारीचा पाय सुटला. पण आता सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं. चार हातांनी तिला धरलं, आणि म्होरक्यानं लांब ढांगा टाकत येऊन तिला खांद्यावर घेतलं. गाठोडं तेवढं वाहून गेलं.

सगळे मागे फिरले आणि अलीकडच्या काठावर म्होरक्यानं म्हातारीला खांद्यावरून उतरवलं. “मला खरंच गुडघ्याला होतं हो,” तो म्हणाला.

“ते खोटं कोण म्हणतंय?” म्हातारी म्हणाली. “तुम्ही मागे बघितलं नाही, आम्ही पुढे बोललो नाही.”

पुढच्या बाजारापर्यंत गावानं अळणी खाल्लं, आणि त्याचं खापर आईवर फोडलं. पण त्या दिवसापासून म्होरक्याच्या मागोमाग सगळ्यात ठेंगणं माणूस चालू लागलं, आणि पाणी किती ते तेच सांगू लागलं.

तात्पर्य: पुढे चालणाऱ्यानं मागच्याचं पाणी विचारावं, आणि मागच्यानं ते न विचारता सांगावं.

हे तात्पर्य आईनं काठावरच लेकीला समजावून सांगितलं. पुढच्याचं ऐकायचं, पण आपल्याला लागतंय ते बोलायचं. कळलं ना?

लेकीनं मान हलवली आणि म्हणाली, “मग माझा हात सोड. दुखतोय. मी नदीतपण तेच सांगत होते.”