पांढरे हातमोजे

१७ नोव्हेंबर. पहाटे दरीत दाट धुकं होतं, नऊच्या सुमारास ते विरलं. नंतर दिवसभर कोरडं ऊन, वारा नाही.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. त्यांनी सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवलं आणि निवृत्तीनंतर गावच्या काजू बागायतदारांची एक संस्था उभी केली. त्याआधी व्यापारी यायचा, काजूची बी मुठीत घेऊन कानाजवळ खुळखुळवायचा आणि भाव सांगायचा. तो भाव का, हे विचारण्याची रीत नव्हती. गुरुजींनी विचारण्याची रीत पाडली. पुढे संस्थेला न्याय्य व्यापाराचं प्रमाणपत्र मिळालं, पाकिटावर शिक्का आला आणि शिक्क्याखाली एक ओळ छापली गेली: ‘या काजूमागच्या प्रत्येक हाताला न्याय मिळाला आहे.’ ही ओळ गुरुजींनीच लिहिली होती.

पहिल्या वर्षी सभासद होते त्रेसष्ट. दूरच्या देशांतल्या दुकानांत अशा शिक्क्याची कॉफी आधी पोचली होती, मग कोको, केळी, मसाले. आता तिथले लोक शिक्क्याचा काजूही मागू लागले. चौदा वर्षांत सभासद चारशे बारा झाले. पूर्वी बागायतदारांच्या घरातल्या बायका संस्थेच्या पडवीत बसून काजू फोडत आणि गुरुजी खुर्ची टाकून समोर बसत. मागणी वाढली तशी पडवी पुरेना. मग दोन वर्षांपूर्वी खालच्या वाडीत पत्र्याची शेड बांधली आणि काजू फोडण्याचं काम तिथल्या बावीस बायकांकडे गेलं. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी काजूचं झाड नव्हतं, म्हणून त्या सभासद नव्हत्या. गुरुजींचे गुडघे तोवर थकले होते. खालच्या वाडीची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, त्यांना उतरवेना.

गुरुजींचा एक शिष्य होता, वासुदेव. शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता तिशीचा. बाहेरचे परीक्षक वर्षातून एकदा येतात. त्याआधी संस्थेने स्वतःची तपासणी स्वतः करायची असते. ते काम वासुदेवाकडे होतं. त्याच्याजवळ एकशे बारा प्रश्नांचा छापील तक्ता असे. गुरुजींनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “डोळ्यांना दिसेल तेवढंच लिही. ऐकीव लिहू नको, अंदाजाने लिहू नको.” वासुदेवाने ते व्रतासारखं पाळलं. दर महिन्याला तो मोटारसायकलने खाली जाई, शेडमध्ये उभा राहून एकेक प्रश्न वाची आणि खूण करी. सदुसष्टावा प्रश्न असा होता: ‘काजू फोडणाऱ्यांच्या हातांत हातमोजे आहेत का?’ काजूच्या टरफलात तेल असतं. ते कातडीला लागलं तर कातडी भाजते, काळी पडते, सोलून निघते. वासुदेव बघे; बावीस जणींच्या हातांत पांढरे रबरी हातमोजे असत. तो खूण करी. त्या खुणेत असत्य काहीच नव्हतं.

ऑगस्टमधल्या तपासणीच्या वेळी एक प्रसंग घडला. शेवंती नावाची चाळिशीची बाई शेजारणीला मोठ्याने सांगत होती, “रेशनवाल्याच्या यंत्रार अंगठो ठेवलंय, तर यंत्र म्हणता ही बाई आसाच नाय. तो माका विचारता, शेवंत्ये, तू मेलंस कधी?”

“आणि तू काय म्हटलंस?”

“म्हटलंय, बाराव्याक ये जेवूक!”

शेड हसली. वासुदेवही हसला. एकशे बारा प्रश्नांत त्यासाठी चौकट नव्हती, म्हणून त्याने काही लिहिलं नाही.

सतरा नोव्हेंबरला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. प्रमाणपत्राचं नूतनीकरण त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. ते झालं तर गोदामातला तयार माल डिसेंबरच्या जहाजाने जाणार होता. न झालं तर तोच माल बिनशिक्क्याचा होऊन पुन्हा त्या मुठीत बी खुळखुळवणाऱ्यांच्या दारात. चारशे बारा घरं त्या दिवशी वासुदेवाच्या तोंडाकडे बघत होती. त्याने आठवडाभर फिरून सगळ्यांना सांगितलं होतं, “घाबरू नका. आपला कागद स्वच्छ आहे.”

कागद खरोखर स्वच्छ होता. परीक्षक बाईंनी चार बागा पाहिल्या, गोदाम पाहिलं, मग खालच्या वाडीत आल्या. पाणी, संडास, औषधाची पेटी, हातमोजे, सगळं जागच्या जागी. त्यांनी वासुदेवाला म्हटलं, “इतकी नीट नोंद मी फार कमी ठिकाणी पाहिलीय,” आणि सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात पाखाडीवर काठीचा आवाज आला. गुरुजी उतरत होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच. प्रत्येक पायरीवर थांबत, श्वास घेत ते शेडच्या दारात आले. त्यांच्या बगलेत कोऱ्या कागदाची एक गुंडाळी आणि शाळेतली जुनी शाईची गादी होती.

“बाई,” ते परीक्षकांना म्हणाले, “हातमोजे मिळाले असं संस्थेचं म्हणणं तुमच्या कागदावर आलं. ज्यांना मिळाले त्यांचंही येऊ दे.”

वासुदेव पुढे झाला. “गुरुजी, मी घेतो ना सह्या सगळ्यांच्या. तुम्ही बसा.”

“सह्या नकोत. अंगठे हवेत.”

 शेवंती उठली. तिचा चेहरा उतरला होता.

“गुरुजीनूं, माका सही येता. तुमीच शिकवलात. पाटयेर माझो हात धरून माझा नाव गिरवून घेतलात, ता इसारलात?”

“नाही विसरलो.”

“मगे शहरच्या बाईंसमोर आमका अंगठेबहाद्दर कित्याक ठरवतात?”

मागून एक तरुण पोर म्हणाली, “म्हातारपण गो काकी. उद्या आमका बाराखडी परत शिकवतीत.” कोणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही.

वासुदेवाला शरमेने मान वर करवेना. ज्या माणसाने या वाडीतल्या प्रत्येक मुलीला सही शिकवल्याशिवाय चौथीच्या पुढे जाऊ दिलं नाही, तोच आज त्यांच्यापुढे शाईची गादी धरून उभा होता. गुरुजी मात्र कागद पसरून बसले. “शेवंती, रागाव माझ्यावर. पण मोजा काढ आणि अंगठा लाव.”

तिने रागानेच मोजा ओढून काढला, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. मग दुसरी आली, तिसरी आली. बावीस झाल्यावर गुरुजींनी स्वतःचा अंगठा शाईत बुडवून सगळ्यांच्या खाली उमटवला आणि कागद परीक्षक बाईंच्या हातात दिला.

गुरुजींच्या अंगठ्याच्या रेषा स्पष्ट होत्या, डोंगरउतारावरच्या भातखाचरांच्या बांधांसारख्या एकाआड एक. त्यांच्या वर बावीस डाग होते. निळे, गुळगुळीत, सपाट. एकातही रेष नव्हती.

 परीक्षक बाईंनी कागद खाली ठेवला आणि शेवंतीचा हात आपल्या हातात घेऊन उलटा केला. बोटांची टोकं काळी होती, कातडी पापुद्र्यांनी सुटली होती.

“मोजे कधी घालता तुम्ही?”

शेवंतीने वासुदेवाकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, “ह्येंच्या गाडयेचो आवाज वळणावर इलो की.”

“आणि एरवी?”

“एरवी मोज्यातून हाताक गर कळणा नाय, बाई. अंदाज चुकता आणि गर फुटता. फुटलो की ती पाकळी झाली. पाकळी संस्था घेणा नाय, अख्खोच गर घेता. तसा लिवलेला आसा थय.” तिने भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर दोन कागद शेजारी शेजारी चिकटवले होते. एकावर होतं, ‘हातमोजे घालूनच काम करावे.’ दुसऱ्यावर, ‘फक्त अख्खा गर स्वीकारला जाईल.’ दोन्ही वासुदेवाच्या सुवाच्य अक्षरात होते. दोन वर्षं तो त्यांच्याखाली उभा राहून खुणा करत आला होता.

परीक्षक बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या ठशांचा कागद त्यांनी आपल्या फाइलीत ठेवला आणि त्या निघून गेल्या. त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर वाडीतल्या एका म्हाताऱ्याने गुरुजींना ऐकवलं, “बरा केलात गुरुजी. आता हात बरे होतीत आणि चुली थंड.” 

परतताना वासुदेव त्यांच्या काखेत हात घालून पाखाडी चढू लागला.  अर्ध्या वाटेवर त्याचा बांध फुटला.

“गुरुजी, चारशे बारा घरं. तुम्हीच जोडलीत आणि तुम्हीच बुडवलीत. तुम्हाला हे कळलं कधी?”

“महिना झाला.” गुरुजी एका पायरीवर टेकले. “रेशन दुकानाच्या ओट्यावर मी वर्तमानपत्र वाचत बसतो. एका सकाळी खालच्या वाडीच्या पाच जणी रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेल्या. यंत्राला त्यांचा अंगठा सापडेना. तिथून मी संस्थेच्या गोदामात गेलो आणि हातमोज्यांचं खोकं उघडलं. टरफलाचं तेल असं आहे की मोजा चार दिवसांत काळा पडतो, आठव्या दिवशी फाटतो. आपण दोन वर्षांपूर्वी एकदाच खोकं आणलं, आणि ते अजून अर्धं भरलेलं आहे. जी वस्तू झिजत नाही ती वापरात नसते, वासुदेव. तू दर महिन्याला पांढरे मोजे पाहिलेस. ते पांढरे का, हे तक्त्याने तुला विचारलं नाही आणि तूही तक्त्याला विचारलं नाहीस.”

“मी खोटं लिहिलं नाही.”

“नाही. तू जे दिसलं तेच लिहिलंस, कारण मीच तुला तसं शिकवलं. आणि अख्ख्या गराचा नियमही माझाच. पहिल्या वर्षी दूरच्या गिऱ्हाइकाने पाकळी परत पाठवली, तेव्हा पडवीत बसून मी तो कागद लिहिला. तू फक्त त्याची प्रत काढलीस. तेव्हा समोर आपल्याच घरच्या बायका होत्या. एखादीचा हात भाजला तर मला दिसायचा आणि मी तिला उठवायचो. मग मागणी वाढली. काम पाखाडीवरून खाली गेलं आणि माझे डोळे वरच राहिले. बागायतदाराला न्याय मिळाला, तो खरा आहे. पण त्याची किंमत आपण अशा लोकांच्या हातातून घेतली, ज्यांची नावं आपल्या सभासदांच्या यादीत नाहीत. ‘प्रत्येक हाताला’ असं मी लिहिलं होतं. मी हात मोजले नव्हते.”

वासुदेव खालच्या पायरीवर बसला. तो हलक्या आवाजात म्हणाला, “पण एक महिना होता, गुरुजी. मला एकट्याला सांगायचं होतं. त्या बायांचा असा अपमान तरी टळला असता.”

“अपमान झाला खरा. त्याची क्षमा मला त्यांच्या दारात जाऊन मागायची आहे.” गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. “आता डोळ्यांना दिसतं तेवढंच सांग. महिन्यापूर्वी तुला एकट्याला सांगितलं असतं, आणि समोर सतरा तारीख, गोदामात माल, डोक्यावर चारशे बारा घरं. तू काय केलं असतंस?”

 खाली शेडचं दार कोणीतरी ओढून घेतलं.

“चार दिवस आधी काही जोड तेलात बुडवून काळे करून ठेवले असते,” तो म्हणाला.

“मीही तेच केलं असतं,” गुरुजी म्हणाले. “म्हणून मी काय करणार, हे स्वतःलाही महिनाभर सांगितलं नाही. आज सकाळी गादीत शाई घातली आणि निघालो.”

वासुदेवाने उठून त्यांना हात दिला. उरलेल्या पायऱ्या दोघे चढले.

२ डिसेंबरला प्रमाणपत्र एक वर्षासाठी स्थगित झाल्याचं पत्र आलं. गोदामातला माल शिक्क्याशिवाय स्थानिक व्यापाऱ्याला गेला. मार्चअखेर चारशे बारांपैकी एकशे शहाण्णव सभासदांनी संस्था सोडली. पाकळी स्वीकारण्याचा ठराव ११ जानेवारीच्या सभेत नऊ मतांच्या फरकाने मंजूर झाला. त्याच सभेत खालच्या वाडीच्या बायकांना सभासद करून घेण्याचा ठराव चौदा मतांच्या फरकाने फेटाळला गेला. शेड ५ फेब्रुवारीपर्यंत बंद होती. बावीसपैकी तेरा जणी त्याआधीच तालुक्याच्या खासगी कारखान्यात कामाला लागल्या. तिथे हातमोजे देत नाहीत. नऊ जणी शेडमध्ये परतल्या. त्या वर्षी हातमोज्यांची सात खोकी लागली. २३ मार्चला सकाळी साडेदहा वाजता रेशन दुकानातल्या यंत्राने शेवंतीचा अंगठा तिसऱ्या खेपेला ओळखला.