गैरहजर ज्योतिषाची पत्रिका

"येत्या पौर्णिमेला सातही ज्योतिषमंडळं या सभागृहात एकत्र बसलेली दिसली नाहीत, तर सभागृहाला कुलूप आणि तू घराबाहेर!" करंजगडच्या राजानं रखवालदार तुळाजीला दरडावलं.

बिचारा तुळाजी! सभागृहामागची खोली हेच त्याचं घर. राजानं मोठ्या हौसेनं हे सभागृह बांधलं, सात पेठांची सात मंडळं एकत्र जोडली, सातही प्रमुखांच्या पत्रिका मागवून पेटीत मानानं ठेवल्या. पण दोन वर्षांत सभा म्हणून एक झाली असेल तर शपथ! वरच्या पेठेच्या रामेश्वरभटांना दर वेळी चंद्र आठवा, म्हणजे दिवस अशुभ. खालच्या पेठेच्या अनंतबुवांना पूर्वेचा दिशाशूळ, आणि सभागृह नेमकं पूर्वेला. उरलेल्या पाचांचं म्हणणं एकच : मुहूर्त दुसऱ्यानं काढलाय, म्हणजे तो चुकलेलाच!

"महाराज, शिपाई धाडा की," तुळाजी काकुळतीला आला.

"धरून आणायला ते काय चोर आहेत? शिपाई नाही, दक्षिणा नाही, जेवणावळही नाही! आपल्या पायांनी आले पाहिजेत आणि शेवटपर्यंत बसले पाहिजेत."

तुळाजीची लेक येसू अंगण झाडत होती. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली. "येतील की, महाराज! मला फक्त एक निरोप धाडू द्या."

"अगं पोरी, निरोप मी शंभर धाडले!"

"तुम्ही 'याच' म्हणून धाडलेत. मी 'नाही आलात तरी चालेल' म्हणून धाडते."

राजानं कपाळाला हात लावला, पण परवानगी दिली. तुळाजीला मात्र त्या दिवसापासून घास गोड लागेना.

पौर्णिमा उजाडली आणि काय सांगावं! रामेश्वरभट धापा टाकत दारात हजर. चंद्र गेला उडत! मागोमाग अनंतबुवा, एका पायात जोडा, दुसरा पाय अनवाणी. घटकाभरात सातही प्रमुख आपापल्या शिष्यांसह येऊन बसले. दुपार झाली, पोटात कावळे ओरडू लागले, तरी कोणी उठेना. पुढच्या पौर्णिमेची सभा ठरली, तीही एकमतानं! दिवेलागण झाली, तरी सगळे जागेला चिकटलेलेच.

राजानं येसूला जवळ बोलावलं. "काय गं, जादूटोणा केलास की काय?"

"जादू कसली, महाराज! निरोप एवढाच होता : सवड नसेल तर येऊ नका. जो येणार नाही, त्याची पत्रिका पेटीतून काढून उरलेले सहाजण भरसभेत मोठ्यानं वाचतील."

राजा पोट धरधरून हसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या! "अगं, पण आता तरी घरी का जात नाहीत?"

"कसे जातील? जो आधी उठेल, तो गैरहजर!"

राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं, मागची खोली तुळाजीला कायमची बहाल केली आणि डोळे पुसत म्हणाला, "शाब्बास! चला, आम्ही निघतो आता."

तशा सातही माना एकदम वळल्या. रामेश्वरभटांनी घसा खाकरला. "खुशाल निघावं, महाराज! आपली पत्रिका तर आम्हा सातही जणांना तोंडपाठ आहे."

राजा मटकन खाली बसला. "छे, छे! आम्हाला कुठे घाई आहे?"