दातांची खूण

“बंद कर.”

“मास्तर, हा संगणक आपोआपच बंद पडतोय. मी आणखी काय बंद करू?”

“आपोआप होतं त्याला पडणं म्हणतात,” रेगे मास्तर म्हणाले. “तू बंद कर.”

उपेंद्रने भिंतीवरचं बटण बंद केलं. मास्तर खिडकीशी सुपारी कातरत बसले.

वेंगुर्ल्यातली ही संगणकवर्गाची खोली उपेंद्रची जुनी ओळखीची. सात वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला तो इथेच. आता पुण्यात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती. सिंगापूरहून नोकरी चालून आली होती आणि होय की नाही ते आज पाचच्या आत कळवायचं होतं. साडेतीन वाजून गेले होते. त्याचं काही ठरत नव्हतं.

म्हणून तर तो इतक्या लांब आला होता.

मास्तरांची एक रीत होती. दसऱ्याला इतरांकडे पाटीपूजन व्हायचं, मास्तरांकडे संगणकपूजन. नव्या पोराने मशीनला हळदकुंकू लावायचं आणि एक ओळ टाइप करायची: मोठेपणी काय करणार. सगळ्या पोरांच्या ओळी अजून त्या एकाच मशीनमध्ये होत्या. उपेंद्रला आपली काही केल्या आठवत नव्हती; तीच बघायला तो आला होता.

मशीन मात्र सुरू व्हायचं, आणि दोन मिनिटांत मान टाकायचं.

“आता चालू करू?”

“कर.”

दोन मिनिटं. मशीन पुन्हा गप्प.

“पाच मिनिटांत करून देतो म्हणाला होतास,” मास्तर म्हणाले.

“केबल बदलली. रॅम काढून खोडरबराने घासली...”

“खोडरबराने?”

“सगळे तसंच करतात, मास्तर.”

“सिंगापुरातपण?”

उपेंद्रने स्क्रू काढून मशीनचा डबा उघडला.

आतून उदबत्तीचा वास आला. पंचवीस दसऱ्यांच्या अक्षता, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. डब्याची पुढची एक पट्टी तुटलेली होती. त्या फटीला पोरं तोंड म्हणायची आणि पूजेतलं थोडंफार तिथूनच आत टाकायची. आपण काय दुरुस्त करायला बसलोय ते उपेंद्र क्षणभर विसरला.

आतल्या विजेच्या केबलखाली काहीतरी अडकलं होतं. त्याने ते ओढून काढलं. तपकिरी, दगडासारखं, एका बाजूने मुंग्यांनी कुरतडलेलं.

“हे काय?”

“पेढा. तुझा.”

“माझा कशावरून?”

“दात बघ.”

दुसऱ्या कडेला दातांची खूण होती. मध्ये दोन दातांची जागा मोकळी.

“पुढचे दोन पडले होते तेव्हा तुझे,” मास्तर म्हणाले. “बाकीची पोरं फुलं वाहून मोकळी झाली. तू म्हणालास, उपाशी कसा काम करील. अर्धा खाल्लास, अर्धा त्याला दिलास.”

उपेंद्रने पेढा खिडकीत ठेवला. ब्रशने सगळं झाडलं. अक्षता वेचल्या. केबल नीट बसवली. आतून ते मशीन अगदी नवं दिसायला लागलं.

बटण दाबलं. काहीच नाही. आता दिवासुद्धा लागेना.

त्याने केबल अंगठ्याने दाबून पाहिली. खाली कागदाची घडी घातली. खोडरबर घातलं. साडेचार झाले.

“ठेव तो जागेवर,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, पेढा आहे तो.”

“तू आज बघितलास. मशीनला पंचवीस वर्षं माहीत आहे.”

“अहो, मी इंजिनिअर आहे.”

“असू दे.”

मास्तर स्वतःच उठले. पेढा उलटा केला, कुरतडलेली बाजू खाली, दातांची बाजू वर, आणि केबलखाली हळूच सरकवला. मुंग्यांनी खाल्ल्याने जो टेकू ढिला झाला होता, तो पुन्हा घट्ट बसला.

पंखा घरघरला. पडदा उजळला.

दोन मिनिटं गेली. पाच गेली. मशीन चालूच.

उपेंद्रने फाइल उघडली. एकाखाली एक नावं, नावापुढे ओळी. शैला तुळसकर: मी मोठी झाल्यावर एसटीची कंडक्टर होणार.

“झाली?”

“झाली. मला अजून सुट्टे पैसे मागते.”

रमाकांत केरकर: मी मोठा झाल्यावर शाळेत जाणार नाही.

“हा?”

“हेडमास्तर आहे.”

मग त्याचं नाव आलं. उपेंद्रने खुर्ची पुढे ओढली.

मी मोठा झाल्यावर

बस. पुढे काही नाही. ओळीच्या टोकाला कर्सर लुकलुकत होता.

खिशात फोन वाजायला लागला. सिंगापूर. त्याने तो काढून टेबलावर पालथा ठेवला. फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत गेला आणि थांबला.

“मास्तर... मी अर्धंच का सोडलं?”

मास्तरांनी सुपारीचं एक खांड त्याच्या हातावर ठेवलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं.

“तेवढ्यात पेढे आले.”